पाट्या पाठ करणारे दादाराव

दादाराव गजभिये सिंगापूरला आले ते २००६ च्या जानेवारीत, बायको जाऊन आठ महिने झाल्यावर. नागपुरातल्या एका कारखान्याच्या फोर्ज शॉपमध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. लालभडक तापलेलं लोखंड आणि त्यावर दिवसभर आदळणारे हॅमर यांच्या मधे उभं राहून माणूस निवृत्त झाला, तेव्हा दोन्ही हात धड होते, पाठ ताठ होती आणि वाचनाची आवड कायम होती. मुलगा रत्नदीप इथं एका संशोधन संस्थेत होता, सून सरिता अलेक्झांड्रा रोडवरच्या एका ऑफिसात, आणि नात अंजली तेव्हा सात वर्षांची. क्वीन्सटाउनला नवव्या मजल्यावर त्यांचा जुना फ्लॅट होता. "तिथं एकटे राहून काय करणार तुम्ही?" असं रत्नदीपनं विचारलं. मग ते आले.

सिंगापुरात माणसं पुटपुटतात, असं त्यांचं पहिल्या महिन्यातच मत झालं. दुकानातली मुलगी पुटपुटायची, बसचा ड्रायव्हर पुटपुटायचा, खालच्या कॉफीवाल्यानं काही विचारलं की दादाराव नुसतीच मान हलवायचे, आणि मग कॉफी कधी बिनदुधाची यायची, कधी गोड मिट्ट. अंजलीचं बोलणं तर त्यांना पाखरांच्या किलबिलाटासारखं वाटायचं. ती शाळेतलं इंग्रजी वाऱ्याच्या वेगानं बोलायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'लाह' लावायची. आजोबा हसायचे, तीही हसायची आणि पळून जायची.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं असं नाही. मॅट्रिकनंतर शाळा सुटली होती, पण कारखान्यातले ड्रॉइंग, सूचना आणि नोटीस बोर्डावरची परिपत्रकं वाचून वाचून त्यांनी वाचण्यापुरतं इंग्रजी पक्कं केलं होतं. म्हणून त्यांना पाट्या आवडल्या. या शहरात जुन्या इमारतींपुढे, पुलांपाशी, देवळांपाशी माहितीचे फलक उभे केलेले असत. काही तर उघड्या पुस्तकासारखे. तुमचं वाचून होईपर्यंत पाटी जागची हलत नाही, आणि एखादी ओळ समजली नाही तर तिला 'परत सांगा' म्हणावं लागत नाही. रत्नदीप सगळ्यांना घेऊन जेवायला बाहेर पडला की दादाराव कुठल्या तरी पाटीपाशी मागे राहायचे आणि अंजलीला त्यांना हात धरून आणायला पाठवावं लागायचं.

दीड वर्ष असंच बरं गेलं. मग २००७ च्या जुलैमध्ये एका रविवारी दुपारी गोळीचा प्रकार झाला.

दादारावांना ब्लड प्रेशरची गोळी होती, रोज एक, जेवणानंतर. त्या दिवशी ते जेवून हात धूत होते. सरितानं स्वयंपाकघरातून, पाठमोरीच, विचारलं, "बाबा, गोळी घेतली का?"

दादारावांच्या कानांवर पडलं ते 'पोळी'.

"तीन घेतल्या," ते म्हणाले. "चौथी घेणार होतो, पण आता नको."

सरिताच्या हातातलं पातेलं सिंकमध्ये पडलं. पुढच्या दहा मिनिटांत टॅक्सी आली आणि दादाराव मधल्या सीटवर, एका बाजूला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला सून, असे हॉस्पिटलात निघाले. आपल्याला काय झालंय हे त्यांनी दोनदा विचारलं. दोघंही एकदम बोलले, त्यातलं त्यांना काही कळलं नाही. आपल्या चेहऱ्यावर काही तरी भलतं दिसलं असावं, इतकंच त्यांना वाटलं.

तिथल्या तरुण डॉक्टरनं तोंडाला मास्क लावला होता. प्रेशर नीट होतं, नाडी नीट होती. मग त्यानं मास्कमधूनच चार प्रश्न विचारले. हे कोणतं साल, असं त्यानं 'व्हिच यिअर' म्हणून विचारलं, ते दादारावांना 'इअर' वाटलं. त्यांनी उजव्या कानाला हात लावून 'नो पेन' सांगितलं. डॉक्टरनं रत्नदीपकडे पाहिलं आणि कागदावर काही तरी लिहिलं. घरी आल्यावर सरितानं गोळ्यांची पट्टी तपासली. त्यातली एकही गोळी जास्त गेलेली नव्हती. म्हणजे बाबांनी तीन गोळ्या घेतल्या नव्हत्या, पण घेतल्या असं ते बोलले होते. ही गोष्ट दोघांना गोळ्यांपेक्षा जास्त लागली. 

दोन आठवड्यांनी फ्रिजवर, मॅग्नेटखाली, एक पत्र लागलं. "बाबा, सप्टेंबरात तुमचं बीपीचं चेकअप आहे," असं रत्नदीपनं समोर बसून, सावकाश सांगितलं. रत्नदीपचा आवाज खर्जातला, शिवाय तो समोर बसून बोलायचा. त्याचं बोलणं दादारावांना नेहमी कळायचं.

पण जो माणूस रस्त्यावरच्या पाट्या वाचतो तो घरातलं पत्र वाचल्याशिवाय कसा राहील? सगळे कामावर आणि शाळेत गेल्यावर त्यांनी चष्मा लावला. पत्र त्यांच्याच नावाचं होतं. बीपीचा कुठं उल्लेख नव्हता. वर जाड अक्षरात छापलं होतं: मेमरी क्लिनिक.

दादाराव खुर्चीवर बसले. नागपुरात त्यांच्या शेजारी प्रताप मेश्राम मास्तर राहायचे. गणिताचे मास्तर. अख्ख्या वस्तीला पाढे शिकवलेले. शेवटच्या चार वर्षांत त्यांना स्वतःचं फाटक ओळखू येईना. मुलांनी त्यांच्या गळ्यात नाव-पत्त्याचं कार्ड बांधलं होतं, आणि मास्तर ते कार्ड येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून विचारत, हा माणूस कुठं राहतो? दादारावांनी त्यांना कितीतरी वेळा हाताला धरून घरी पोचवलं होतं. आता ते मास्तरांच्या जागी स्वतःला पाहू लागले. आणि मग एकेक गोष्ट जुळत गेली. लोक बोलतात ते समजत नाही. आपण काही सांगतो आणि समोरचा गोंधळून बघतो. सरिता हल्ली तीच गोष्ट तीनदा सांगते, आणि तिसऱ्यांदा तिच्या कपाळावर आठी असते. पोरं खोटं बोलली ती आपल्याला धक्का बसू नये म्हणून. पत्र खरं आहे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

रडत-बिडत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. फोर्ज शॉपमध्ये एखाद्या नगाबद्दल शंका आली की तो बाजूला काढून तपासायचा, ही त्यांची सवय. त्यांनी स्वतःचीच तपासणी करायचं ठरवलं. अंजलीची एक अर्धी कोरी वही घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला एमआरटीच्या गाडीनं रॅफल्स प्लेसला गेले. नदीवरच्या कॅव्हेना पुलाशी एक जुनी सूचना आहे. ती त्यांनी दोनदा वाचली, कागदावर काही उतरवून घेतलं नाही, आणि तसेच घरी आले. टेबलाशी बसून आठवेल तशी ती इंग्रजीत वहीत लिहिली. तिसऱ्या दिवशी वही घेऊन पुन्हा पुलाशी गेले आणि शब्दाशी शब्द ताडून पाहिला. तीन हंड्रेडवेटच्या वर वजनाच्या गाडीला मनाई, आणि सगळ्या गुराढोरांना नि घोड्यांना मनाई. एक शब्दसुद्धा चुकला नव्हता. पुलाच्या कठड्याला टेकून ते काही वेळ खाली वाहणारं पाणी बघत राहिले. बरं वाटलं, पण पुरतं नाही. एखादा नग चांगला निघाला म्हणून सगळी पेटी पास होत नाही.

मग ते रोजच जाऊ लागले. एक दिवस वाचायचं, एक दिवस ताडायचं. तेलोक आयरच्या रस्त्यावर जवळजवळ सगळं काही होतं: चिनी देऊळ, दर्गा, मशीद, पलीकडे चर्च. तिथल्या फलकांवरून त्यांना कळलं की आज जिथं बँकांच्या उंच इमारती उभ्या आहेत तिथं पूर्वी समुद्र होता, हा रस्ता म्हणजे किनारा होता. चीनहून बोटीनं आलेली माणसं इथं उतरत आणि वाटेत बुडालो नाही म्हणून आधी दर्यादेवीला हात जोडत. कॅव्हेना पुलाबद्दलचा मोठा मजकूर त्यांना सगळ्यात आवडला. पुलाचं लोखंड ग्लासगोत घडवलेलं, सुटे भाग बोटीनं आणलेले आणि हिंदुस्थानातून पाठवलेल्या कैद्यांनी इथं जोडलेले. रिव्हेट त्यांनी हात लावून पाहिले. काम पक्कं होतं.

पाच आठवड्यांत एकोणीस पाट्या झाल्या. सगळ्या मिळून चुका निघाल्या सात, त्यातल्या तीन स्पेलिंगच्या. कागदावर डोकं शाबूत होतं. माणसांसमोर मात्र तोच घोळ. दादारावांनी त्याचा अर्थ असा लावला की आजार आधी बोलण्यात शिरलाय, वाचनापर्यंत अजून पोचायचाय. म्हणजे जेवढे दिवस हातात आहेत तेवढ्यात वाचून घ्यायला हवं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी ते दुपारी दीडला घरी आले, तर दार उघडंच होतं. आत सरिता टेबलाशी बसली होती, ऑफिसच्या कपड्यांत. तिचे डोळे लाल होते. समोर वही उघडी होती.

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली होती. बाबा घरात नाहीत. फोन केला तर तो कुणी उचलेना. दादारावांच्या खिशात तो चार वेळा वाजला होता, त्यांना पत्ता नव्हता. ती खाली जाऊन कॉफीवाल्याला विचारून आली, बाजारात बघून आली, लायब्ररीत बघून आली. परत वर आली तेव्हा तिला वही दिसली आणि वहीत सासऱ्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं दिसलं की या पुलावर गुरंढोरं आणि घोडे आणायला मनाई आहे. पानामागून पान तसलंच. बाबांचं डोकं पार फिरलं, अशी तिची खात्रीच झाली होती.

दादाराव तिच्यासमोर बसले. ती बोलली तेव्हा तोंड त्यांच्याकडेच होतं, आणि रडल्यामुळे आवाज जड झाला होता, म्हणून त्यांना बहुतेक सगळं कळलं.

"बाबा, हे काय आहे?"

"पाट्या आहेत," ते म्हणाले. "शहरातल्या. मी पाठ करून राहिलो."

"कशाला पण?"

त्यांनी फ्रिजकडे बोट दाखवलं. "ते पत्र वाचलं मी. बीपीचं नाही ते. डोकं किती शिल्लक आहे ते आपलं आपण पाहावं म्हटलं."

 दादारावांनी वही तिच्याकडे सरकवली, डोळे मिटले आणि बाराव्या पानावरचा मजकूर इंग्रजीत म्हणून दाखवला. मग सतराव्या पानावरचा. तिनं बोट ठेवून ओळी तपासल्या. त्यांचे उच्चार नागपुरी होते, पण शब्द एकही गळला नाही. तीन हंड्रेडवेट म्हणजे तीनशे छत्तीस पौंड, दीडशे किलोहून थोडं जास्त, हा हिशोबही त्यांनी तिला सांगून टाकला.

ती उठली, तिनं चहा टाकला. दोघांनी तो प्यायला. मग ती म्हणाली, "शनिवारी मी तुमच्याबरोबर येते. मलाही दाखवा काय काय बघता ते."

"काय म्हणाली?"

"शनिवारी. मी. येते."

"ये न," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी पाऊस होता, म्हणून सरितानं त्यांना स्टॅमफर्ड रोडच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेलं. रत्नदीपला अंजलीला पोहायच्या क्लासला सोडायचं होतं, त्यामुळे दोघंच गेली. तिथं इतिहासाच्या दालनात जाताना प्रत्येकाला एक छोटं यंत्र आणि हेडफोन मिळाले. वस्तूंजवळ पाट्या कमी होत्या. वस्तूचा नंबर यंत्रात दाबायचा आणि माहिती ऐकायची, अशी रीत होती. हे पाहून दादारावांचा चेहरा उतरला.

"मला नाही कळायचं त्याच्यातलं," ते म्हणाले. "तू ऐक. मी नुसतं पाहतो."

"ऐकून तर बघा. नाही आवडलं तर काढून ठेवा."

त्यांनी मोडता घातला नाही. हेडफोन कानांवर बसवले, नंबर दाबला. कुठून तरी लांबून बाईचा आवाज आला, नेहमीसारखाच पुटपुटता. यंत्राच्या कडेला आवाज कमी-जास्त करायचं बटण होतं. यंत्र हातात आलं की त्यावरचं प्रत्येक बटण काय करतं ते बघायचं, हा त्यांचा जन्माचा स्वभाव. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. अगदी शेवटपर्यंत नेलं.

आणि ती बाई त्यांच्याशी बोलायला लागली.

ती पुटपुटत नव्हती. प्रत्येक शब्द सुटा सुटा येत होता, टोकदार, शेवटच्या अक्षरापर्यंत पुरा. इंग्रजी शब्दांच्या शेवटी 'स' आणि 'ट' असतात ते दादाराव वाचून जाणत होते. ते असे ऐकू येतात हे त्यांना आता कळत होतं. नदीबद्दल ती सांगत होती, बोटींबद्दल, हमालांबद्दल, आणि त्यांना ते सगळं समजत होतं. एक नंबर संपला की ते दुसरा दाबत होते. लोक येऊन पुढे निघून जात होते. दादाराव एका काचेच्या पेटीपुढे वीस मिनिटं जागचे हलले नाहीत.

सरितानं त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी हेडफोन काढले. तिचे ओठ हलत होते, आणि आवाज येत होता, पण शब्दांचे कोपरे झिजलेले होते. त्यांनी हेडफोन परत लावले. बाई स्पष्ट बोलत होती. परत काढले. सरिता पुटपुटत होती. असं त्यांनी तीनदा केलं. शंका आलेला नग बाजूला काढून ठोकून बघावा, तसं. मग त्यांनी स्वतःचे हेडफोन सरिताच्या हातात दिले.

"हे लाव. मी ठेवलेल्या आवाजावरच."

तिनं ते कानाला लावले आणि लगेच झटकन काढून हातभर लांब धरले. शेजारच्या दोन माणसांनी वळून पाहिलं.

"बाबा, किती मोठं आहे हे. कान फुटतील."

"मला नीट ऐकू येते," दादाराव म्हणाले.

 मग ती त्यांच्या पाठीमागे गेली, दोन पावलं लांब, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, गोळी घेतली का?" ते वळले नाहीत. ती पुढे आली आणि समोर उभी राहून, अगदी हळू, तोंड उघडून उघडून म्हणाली, "मी मागून काय विचारलं?"

"तू काही विचारलं?"

सरिता त्या दालनातल्या बाकावर बसली आणि तोंडावर हात धरून हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दादाराव शेजारी बसले. एक पहारेकरी येऊन काही हवंय का म्हणून विचारून गेला. पहारेकऱ्याचं बोलणंही दादारावांना कळलं नाही, पण पहिल्यांदाच त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही.

मेमरी क्लिनिकची वेळ त्यांनी रद्द केली नाही. रत्नदीप आणि सरिता दोघंही सोबत आली होती. सरितानं आत गेल्याबरोबर डॉक्टरबाईंना सांगितलं की बाबांना कमी ऐकू येतं, समोर बसून सावकाश बोला. बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावरही लिहून दिले. दादारावांनी साल सांगितलं, महिना सांगितला, वार सांगितला. कागदावर घड्याळ काढून त्यात दहा वाजून दहा मिनिटं दाखवली. हात असा की कंपासनं गोल काढलाय असं वाटावं. आंबा, कात्री आणि बस हे तीन शब्द सांगून ठेवले होते, ते पंधरा मिनिटांनी विचारले तेव्हा तिन्ही बरोबर सांगितले. मग त्यांना पुढच्या, बंद पेटीसारख्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बाहेर रत्नदीपला कागदावर रेघ दिसत होती. खर्जाच्या आवाजांपाशी ती बरी होती, आणि मग, बायका-मुलांचे आवाज असतात त्या बाजूला, कडा तुटावी तशी खाली गेली होती.

"बऱ्याच वर्षांचं आहे हे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कारखान्यात होते का?"

"फोर्ज शॉपमध्ये," रत्नदीप म्हणाला. "चौतीस वर्षं. कानात कापसाचे बोळे घालायचे."

"स्मरणशक्ती त्यांची वयाच्या मानानं उत्तम आहे. मला काळजी करण्यासारखं काही दिसत नाही. त्यांना ऐकू येत नाही, एवढंच."

रत्नदीपनं ते वाक्य वडिलांसमोर येऊन, गुडघ्यांवर वाकून, मराठीत सांगितलं. दादारावांनी ते परत एकदा सांगायला लावलं. पहिल्या खेपेला नीट कळलं होतं. दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटलं म्हणून. त्यांच्या छातीवरचं काही तरी, पाच-सात आठवडे बसून राहिलेलं, उठून गेलं. प्रताप मास्तरांच्या गळ्यातलं कार्ड डोळ्यांपुढून गेलं. ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी एवढा लांब श्वास सोडला की डॉक्टरबाई हसल्या.

सरिता तिथूनच ऑफिसला गेली. परतताना क्वीन्सटाउनला बसमधून उतरल्यावर रत्नदीप म्हणाला, "बाबा, मी दिवसभर मोजमापं करतो. दीड वर्षं घरात तुमच्याशी बोलतोय. मला कळायला पाहिजे होतं."

"मला तरी कुठं कळलं?" दादाराव म्हणाले. "आवाज येत होता न. मला वाटे, लोकच असे बोलतात."

मग थोडं चालून झाल्यावर ते थांबले. "तुझ्या आईला माहीत होतं," ते म्हणाले. "अरुणाला. ती मला पाठीमागून कधीच हाक मारत नव्हती. समोर येऊन बोलायची, अन् मोठ्यानं. अख्खी वस्ती म्हणायची, गजभियेबाईंचा आवाज किती मोठा. मीही तिला म्हणायचो, हळू बोल. कोणी दारात आलं की तो माणूस काय म्हणाला ते ती परत सांगायची. मला वाटे, तिला बोलायची हौस."

रत्नदीपनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं लिफ्टकडे गेले.

श्रवणयंत्रं यायला महिना लागला. पहिल्या दिवशी दादारावांना घर फार गोंगाटाचं वाटलं. फ्रिज घुरघुरतो, सपाता फरशीवर फटफट वाजतात, वर्तमानपत्राचं पान उलटलं की कडकडाट होतो. पहाटे खिडकीबाहेर कोकिळेसारखा एक पक्षी ओरडत होता. ही नवी ब्याद कधी आली म्हणून त्यांनी चौकशी केली, तर तो पहिल्यापासून रोज ओरडतो असं कळलं. अंजली काय बोलते तेही ऐकू आलं. किलबिल नव्हती ती. ती सारखी काही ना काही विचारत होती. "आजोबा, व्हाय यू नेव्हर आन्सर मी लास्ट टाइम?" तिनं एकदा विचारलं.

"ऐकू नव्हतं येत."

"ऑल धिस टाइम, अह?" तिनं विचार केला. "देन आय हॅव टु टेल यू एव्हरीथिंग अगेन लाह." आणि तिनं पहिलीच्या वर्गापासून सुरुवात केली. दादारावांना त्यातलं अर्धं इंग्रजी कळलं नाही, पण आता कळलं नाही की ते विचारत होते, आणि ती मराठीत, अडखळत, सांगत होती.

त्यानंतर ते सिंगापुरात आणखी सहा वर्षं राहिले. फिरणं थांबलं नाही, पण आता एकट्यानं होत नव्हतं. झालं असं की सरितानं ही सगळी हकीकत आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात कुणाला तरी सांगितली. इथं कितीतरी मराठी घरांत आई-वडील सहा-सहा महिने येऊन राहत, आणि मुलं कामावर गेली की फ्लॅटच्या खिडकीशी बसून दिवस काढत. इंग्रजी वाचता येत नसल्यानं बाहेर पडायला बिचकत. २००८ च्या मे महिन्यात दादारावांनी अशा पाच जणांना रविवारी सकाळी तेलोक आयरला नेलं. ते पाटीपाशी उभे राहायचे आणि ती मराठीत सांगायचे, वहीत न बघता. त्यांचा आवाज रस्त्याच्या पलीकडे जाई; चौतीस वर्षं हॅमरशी बोललेला माणूस तो. पुढे हे दर रविवारचं झालं. कधी चौघं, कधी बारा जण.

त्यात पुंगोल उपनगरातून अभय नावाच्या बँकवाल्याची आई येऊ लागली. अकोल्याची, सत्तरीची, पायांनी अधू, फार हळू बोलणारी. चिनी देवळापाशी दादारावांनी बोटीनं आलेल्या माणसांचं सांगितलं, पोचल्याबद्दल ती देवीला हात जोडत तेही सांगितलं. सगळे पुढे निघाले तेव्हा ती मागून म्हणाली, "अन् ज्यांच्या बोटी पोचल्या नाहीत, त्यांचं काय?"

दादाराव वळले. "त्यांचं इथं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "मीही पाहिलं शोधून."

तिनं मान हलवली.  मग खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये सगळे चहाला बसले. अभयच्या आईला तिथला डब्यातल्या दुधाचा चहा अजिबात पटला नाही, तिनं दोन घोट घेऊन कप सरकवला. निघताना मात्र ती म्हणाली की पुढच्या रविवारी येईन, फक्त चालणं जरा कमी ठेवा.

दादारावांनी त्या रविवारच्या फेरीतून पूल गाळला आणि दर्ग्यापाशी, सावलीत, बसायची जागा शोधून ठेवली.